दमायचं काम

हुमायूनच्या कबरीच्या पायऱ्या चढताना आठव्या पायरीवर मी ओढणीनं धूळ झटकली, खाली बसले आणि पोटरी धरून म्हणाले, "थांबा जरा. पायात गोळा आला."

सगळे थांबले. सगळ्यांत पुढं संपतराव होते. ते वळून बघायला लागले. त्यांच्यामागं त्यांची आई हौसाबाई, तिच्यामागं आमचे आबा आणि माझ्या शेजारी माझी थोरली बहीण शालन. तिला मी आक्का म्हणायची. आक्का लगेच माझ्यापाशी बसली आणि माझी पोटरी चोळायला लागली. बघणाऱ्याला वाटावं, काय ही बहिणीची माया. ती मान खाली घालून श्वास घेत होती, हे फक्त मला आणि आबांना माहीत होतं.

संपतराव वरून म्हणाले की धाकट्या पाहुणीला बादशहानं पालखी पाठवायला हवी होती. आबा मोठ्यानं हसले, गरजेपेक्षा जास्तच. हौसाबाई हसल्या नाहीत. त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या.

दिल्लीत दमणं हे माझं काम होतं. मिरजेहून गाडी सुटल्यावर आबांनी ते मला नेमून दिलं होतं. आक्का वरच्या बर्थवर झोपलीय असं बघून त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "कांचन, तिथं जिथं जिथं चढ लागंल, तिथं तू दमायचं. ती न्हाई, तू. तू बसलीस की सगळी थांबतील. तेवढ्यात तिचा दम जिरंल." आबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. गाडीतला ऊस किती आणि पाचट किती, हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. दुसऱ्याला ते कळू नये याची व्यवस्थाही त्यांना करता येत होती.

आक्काला लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता. त्यात काळजाची झडप अधू झाली. सपाटीवर ती तुमच्याआमच्यासारखी चालायची, भाकऱ्या थापायची, म्हशीची धार काढायची. चढ लागला की ओठ निळे पडायचे. बाळंतपणाबद्दल सांगलीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते आई-आबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. दोन सोयरिकी अगदी सुपारीपर्यंत आल्या आणि फिसकटल्या. गावात लोकांना दुसरं काम नसतं. कुणीतरी जाऊन कानाला लागायचं. आक्काला चोविसावं सरलं होतं, मला एकोणीस पुरी होती. हौसाबाईंच्या संपतरावांचं स्थळ हे शेवटचं, असं आई उघड म्हणायची.

विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. हौसाबाईंचं दुकान करोलबागेत होतं. खाली भट्टी, वर दोन खोल्या. नवरा वारल्यावर दुकान त्यांनीच सांभाळलं आणि मुलाला हाताशी घेतलं. कानावर काही आलं असूनही त्यांनी नकार कळवला नाही. पत्र धाडलं की लग्न ठरायच्या आधी पोरींनी पाच दिवस येऊन दिल्ली बघून जावी, इथं करमतंय का बघावं. वाचणाऱ्याला वाटावं, किती मोठ्या मनाची बाई. आबांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "दिल्ली कोण कुणाला दाखवतंय ते कळतंय मला." तरी त्यांनी तिकिटं काढली. नाही म्हटलं असतं तर स्थळ तिथंच संपलं असतं.

आम्हा बहिणींची एक खूण ठरली होती. मी आपणहून बसायची ती बसायचीच, पण मध्येच आक्काला सोसेनासं झालं तर ती मला विचारणार, "कांचे, पायात गोळा आला का गं?" हे विचारलं की मी असेन तिथं बसायचं. लाल किल्ल्यात एकदा विचारलं, मी बसले. कुतुबाला काही त्रास नव्हता, सगळी सपाटी आणि मिनार आतून बंद. पुराण्या किल्ल्यात दोनदा विचारलं. अग्रसेनच्या बावडीत, त्या पायऱ्यांच्या विहिरीत, तर आम्ही अर्ध्यातूनच परत फिरलो, कारण मी तोंडावर पाणी मारून घेऊन भोवळ आल्याचं सांगितलं. मला त्यात मजा वाटायला लागली होती. गावच्या शाळेत मला नाटकात कधी घेतलं नव्हतं.

आणि आक्का फुलत होती. हे मी कबूल केलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. तिला ती दिल्ली बघायची नव्हतीच. राष्ट्रपती भवनासमोर उभं राहून ती संपतरावांना विचारत होती की करोलबागेत नळाला पाणी किती वाजता येतं. इंडिया गेटपाशी विचारलं की थंडीत दही लागतं का. गल्लीत भाजीवाला आला की ती खाली उतरायची आणि "भैया, कैसे दिया" असं म्हणून बघायची, मग स्वतःच लाजायची. जिना चढून परत यायला मात्र तिला वेळ लागायचा, तेव्हा मी जिन्यात बसून चपलेचा पट्टा लावत असायची.

मी काय बघत होते? मी रस्ते बघत होते. राजपथ संध्याकाळी इतका रुंद आणि इतका सरळ पडलेला असायचा की मला तो शेवटपर्यंत चालत जावासा वाटायचा. आमच्याकडं रस्ता म्हणजे उसाच्या दोन फडांमधली जागा. इथं बायका एकट्या बसमध्ये चढत होत्या, उतरत होत्या, त्यांना कुणी विचारत नव्हतं तुम्ही कुणाच्या म्हणून. संपतराव चांगला माणूस होता. हसरा, जरा बोलघेवडा, हातांना आम्लाचे डाग पडलेला. त्यांनी आम्हा दोघींना कुल्फी घेऊन दिली. आक्काला देताना त्यांनी रुमाल काढून दिला आणि मला देताना म्हणाले, "सावकाश खावा, न्हाईतर दातात गोळा यायचा." सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या कामाचा राग आला.

पाचव्या दिवशी सकाळी शेजारची एक बाई पाहुण्या बघायला म्हणून वर आली. तीही सांगलीकडचीच. आक्का चपात्या लाटत होती, मी पलीकडं लसूण सोलत होते. हौसाबाईंनी आक्काकडं हात करून सांगितलं, "थोरली गुणाची हाय. हात बघा कसा चालतोय." मग माझ्याकडं हात केला. "ह्ये धाकटं तेवढं नासकं निघालं बघा. चार पायऱ्या चढत न्हाई. बापाला जन्मभर पोसावी लागणार." बाईनं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

मी आक्काकडं बघितलं. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं. खरं सांगता येणार नव्हतं हे मला कळत होतं, पण "तसं न्हाई काकी, ती धडधाकट हाय" एवढं तरी. ती लाटत राहिली. तिच्या तोंडावर हसू होतं, अगदी बारीक. हौसाबाईंनी तिला गुणाची म्हटलं होतं ना.

जेवणं उरकून आम्ही जामा मशिदीला गेलो. रस्त्यावरून मशिदीपर्यंतच्या पायऱ्या रुंद होत्या, तिथं मी ठरल्याप्रमाणं एकदा बसले. आत मोठं अंगण, मधोमध हौद, कबुतरं. मला वाटलं झालं, आता घरी. तर हौसाबाईंनी संपतरावांच्या हातावर पैसे ठेवले आणि मिनाराची तिकिटं काढायला सांगितलं. बाईमाणसाला पुरुषाशिवाय वर सोडत नाहीत, तेव्हा संपतरावांनी दोघींना घेऊन जावं, त्या आणि आबा खाली बसतील.

आबांचा चेहरा पडला. ते म्हणाले की पोरींना वर जाऊन काय कळायचंय, आणि धाकटीला तर चढायचं नावच नको.

"धाकटी बसंल मधी मधी," हौसाबाई म्हणाल्या. "वरनं सगळी दिल्ली दिसती, पाव्हणं. शालनला हितंच ऱ्हायाचं हाय न्हवं? बघू दे की सगळी एकदम."

आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत सगळं स्पष्ट होतं. दहा पायऱ्यांवर बस, पुन्हा दहावर बस, रड, ओरड, पण तिला वरपर्यंत नेऊ नकोस.

मिनाराच्या आत अंधार. दगडी जिना गोल गोल वर जातो, एका वेळी एकच माणूस जेमतेम मावतं. पायऱ्या मधून झिजलेल्या. कुठं कुठं भिंतीत फट आहे, तिथून उजेडाची पट्टी येते. वरून कुणी उतरत असलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. संपतराव पुढं, मी मधे, आक्का मागं. संपतराव वर चढता चढता सांगत होते की लहानपणी ते इथं पैज लावून पळत चढायचे. मी ऐकत होते आणि पायऱ्या मोजत होते.

दहा झाल्या. मी बसले नाही.

पंधरा, वीस. माझे पाय आपले चढत होते. पाच दिवसांत पहिल्यांदा मी माझ्या पायांनी चालत होते आणि मला ते इतकं बरं वाटलं की काय सांगू. तिसाच्या पुढं मागून आवाज आला.

"कांचे, पायात गोळा आला का गं?"

"नाही," मी म्हणाले.

संपतराव वरून हसले आणि म्हणाले, वा, आज तब्येत सुधारली की. मी त्यांना म्हटलं, तुम्ही चढा हो पुढं. साठाच्या आसपास पुन्हा आवाज आला. आता तो तुटक होता.

"कांचे. गोळा?"

"नाही आक्का. ये तू वर."

तिसऱ्यांदा तिनं नुसतं "कांचे" म्हटलं. ते मी ऐकलं. पुढं कितीतरी वर्षं आक्का लोकांना सांगायची की त्या मिनारात आवाज भलताच घुमतो, वरच्याला खालचं ऐकू येत नाही. ती माझी बाजू घेऊन असं सांगायची आणि मी तिला सांगू द्यायची. मला लख्ख ऐकू आलं होतं. मी थांबले नाही, उलट दोन दोन पायऱ्या घेतल्या. सकाळच्या तिच्या हसण्याचा राग होता म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. राग होता, खोटं नाही. पण रागानं माणूस एवढ्या पायऱ्या चढत नाही. मला ती दिल्ली हवी होती. आणि तो माणूस हवा होता.

वर वारा होता. सव्वाशेच्या वर पायऱ्या चढून मी त्या लहानशा छत्रीखाली आले, तेव्हा मला धापसुद्धा लागली नव्हती. खाली गच्च्याच गच्च्या, पतंग, वाळत घातलेले कपडे, पलीकडं लाल किल्ला, आणि लांब धुरकटात इंडिया गेट. संपतराव हात लांब करून दाखवत होते, हा चांदनी चौक, ते रेल्वे स्टेशन, त्या तिकडं आपली करोलबाग. आपली म्हणाले ते. मी विचारलं, कुठं, मला नाही दिसत, आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून बोट नेऊन दाखवलं. आम्ही हसत होतो. मागं वळून बघावं असं मला वाटलं नाही.

आक्का बऱ्याच वेळानं आली. एका बुरखेवाल्या बाईनं तिला काखेत धरून आणलं होतं. त्या बाईनं आमच्याकडं इतक्या रागानं बघितलं की संपतरावांनी नजर खाली घातली. आक्काचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे झाले होते. गळ्याची शीर उडत होती. ती खाली दगडावर बसली, पदर नीट केला, आणि संपतरावांकडं बघून हसली.

"किती छान दिसतंय," ती म्हणाली. ती कुठंच बघत नव्हती.

उतरायला आम्हाला अर्धा तास लागला. संपतराव पुढं होऊन तिला एकेक पायरी उतरवत होते. अंगणात आबा उभे होते. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मारणार असं वाटलं, पण त्यांनी टोपी काढून नुसता घाम पुसला. हौसाबाईंनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि आक्काच्या हातात दिलं. "खा," म्हणाल्या, "बरं वाटंल."

घरी आल्यावर आक्काला आतल्या भिंतीशी शाल देऊन बसवलं. आबा खाली दुकानात संपतरावांपाशी जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात मेथी निवडायला घेतली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. हौसाबाई येऊन समोर बसल्या आणि त्यांनीही एक जुडी ओढली.

"दमलेलं माणूस पायरी झटकून बसतंय व्हय गं?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातातली काडी देठासकट पाल्यात पडली.

"पहिल्या दिशीच वळखलं मी. माझी धाकटी बहीण असल्याच काळजानं गेली, पहिल्या बाळंतपणात. व्हटं बघितलं की कळतंय."

मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी राग आला. मी म्हणाले, "मग तिला वर कशाला पाठवलंत? मरून गेली असती ती."

"तिला न्हाई पाठवलं," हौसाबाई म्हणाल्या. "तुला पाठवलं."

त्या पानं खुडत होत्या. देठ एकीकडं, पाला एकीकडं, घाई नाही की काही नाही. "चार दिस तू माहेरासाठी खोटं दमलीस. चांगलं केलंस, मी नावं ठेवत न्हाई. पण असली सून मला नको. उद्या माझ्या घरातलं झाकून बापाचं बघशील. आज तू दमली न्हाईस. माहेराची बाजू कवा सोडतीस तेवढंच मला बघायचं हुतं."

मग त्यांनी सांगितलं की आबांना त्या आजच विचारणार आहेत, माझं काही म्हणणं असेल तर आत्ता सांगावं. भट्टीचा वास जिन्यातून वर येत होता. भिंतीपलीकडं आक्का खोकत होती. मी पुढची जुडी सोडली आणि निवडायला लागले. हौसाबाईंना तेवढं पुरलं.

दिवेलागणीला सगळे आतल्या खोलीत बसले. हौसाबाईंनी आडपडदा ठेवला नाही. पोरगी पसंत आहे म्हणाल्या. आबांचा चेहरा उजळला, क्षणभरच. मग त्या म्हणाल्या, धाकटी. हुंडा नको, पोशाख नको, लग्न दोन्हीकडच्या खर्चात, तारीख चैत्रातली.

आबा आक्काकडं बघायचं टाळत होते. एवढंच बोलले की थोरली घरात असताना धाकटीचं केलं तर लोक काय म्हणतील.

"थोरलीचं हुणार न्हाई, पाव्हणं," हौसाबाई म्हणाल्या. "तुमालाबी ठावं हाय, मलाबी ठावं हाय. एकीपायी दुसरीचं कशाला घालवताय?"

आक्का तिथंच होती, चार हातांवर, शाल गुंडाळून. कुणी आवाज हळू केला नव्हता. संपतराव आपल्या हातांवरचे डाग बघत बसले होते. आबांनी जमिनीवर बोटानं रेघा ओढल्या आणि मग मला विचारलं, "काय गं?"

मी म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

या घरात मला आता तीस वर्षं झाली. संसार चांगला झाला, सासूबाईंनी शेवटपर्यंत माझ्याबद्दल कधी उणं बोलू दिलं नाही कुणाला. आक्का पुढं अकरा वर्षं जगली. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माहेरी तिनंच माझं सगळं केलं, मुलांना तेल लावलं, धुरी दिली, आणि मी परत निघाले की फाटकापर्यंत यायची. दिल्लीला ये असं मी तिला कधी म्हटलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. माझ्याकडून झालं ते मी तिच्यापाशी कधी बोलले नाही. तिला ते सगळं माहीत होतं असं मला वाटतं, त्या संध्याकाळपासूनच.

कारण आबा हो म्हणाले तेव्हा खोलीत कुणाला पुढं काय करावं ते सुचेना. मीही बसूनच राहिले. आक्का उठली. भिंतीला धरून उठली, शाल बाजूला ठेवली, माझ्यापाशी आली आणि माझा हात धरला. तिचा हात गार होता.

"चल," ती म्हणाली, "पाया पड त्यांच्या."

हौसाबाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. दोन-तीन पावलं चालल्यावर आक्काला दम लागला. सगळे बघत होते. आता झाकायचं काही उरलं नव्हतं, म्हणून ती तिथंच निवांत उभी राहिली आणि पुरेसा श्वास घेतला, कुणाची वाट न बघता, जितका लागला तितका. मग मला घेऊन पुढं आली.

मी वाकले.